सिंधूताईंनी वळवलेला आरसा

मित्रांनो, कोराडी रोडवर मानकापूरच्या पुढे एक छोटी वसाहत आहे. तिथल्या एका घरासमोर, पत्र्याच्या शेडखाली, राखाडी रंगाची एक जुनी स्कूटर उभी असते. तिच्या उजव्या हँडलवर जो गोल आरसा दिसतो ना, तो मी. माझ्या कडेची चकाकी आता ठिकठिकाणी उडाली आहे. खालच्या अंगाला एक बारीक तडा आहे. वसाहतीतली मुलं येता-जाता माझ्यात पाहून तोंडं वेडीवाकडी करतात. मला त्याचा राग येत नाही. उलट कुणीतरी थांबलं म्हणून बरं वाटतं. आज तुम्ही थांबलाच आहात, तर माझी कहाणी ऐकून जा.

माझा जन्म कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे माझी काच गोल कापली, कडा घासल्या, पाठीवर मुलामा चढवला आणि मला एका चकचकीत वाटीत बसवलं. शेवटी एका बाईनं मला कापडानं पुसलं. पुसता पुसता तिनं माझ्यात पाहिलं, कपाळावरचा घाम टिपला आणि मला खोक्यात ठेवून दिलं. मी पाहिलेला तो पहिला चेहरा. ती बाई मला पुन्हा कधी भेटली नाही.

सीताबर्डीच्या एका दुकानातून आनंदरावांनी मला विकत घेतलं. आनंदराव तेव्हा कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात नोकरीला होते. स्कूटर नवी होती आणि तिला आरसा नव्हता. त्यांच्या पत्नी सिंधूताई म्हणाल्या होत्या, "आरसा नसलेली गाडी म्हणजे पाठीले डोळे नसलेला माणूस. मी नाही बसत."

माझे ते दिवस फार चांगले गेले. पाळीवर जाताना मी आनंदरावांना मागचे राखेचे ट्रक दाखवायचो, एसटी दाखवायचो. घरी आल्यावर माझ्यावर राखेचा पातळ थर बसलेला असायचा. आनंदराव आधी स्वतःचं तोंड न धुता मला पुसायचे. एकदा मागून भरधाव आलेली गाडी मी वेळेवर दाखवली. त्या दिवशी त्यांनी शेजारच्या मनोहररावांना सांगितलं, "ह्या आरशानं मले वाचवलं गा आज." त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस चमकत राहिलो.

सिंधूताई अंगणवाडीत सेविका होत्या. दिवसभर लेकरांशी बोलूनही त्यांचं बोलणं संपत नसे. स्कूटरवर बसल्या की त्या आनंदरावांच्या खांद्यावरून हात लांब करायच्या, मला धरायच्या आणि स्वतःकडे वळवून घ्यायच्या. मग माझ्यात पाहून तोंडाला स्कार्फ बांधायच्या. नागपूरच्या उन्हात स्कार्फ नीट बांधावाच लागतो. आनंदराव कुरकुर करायचे.

"काय वं सिंधू, मले मागचं दिसत नाही न."

"मी हाव न मागं पाहाले," त्या म्हणायच्या. "मी उतरल्यावर घ्या तुमच्याकडं. तोवर आरसा माहा."

मग आनंदराव काय करायचे? त्यांना मागचा रस्ता पाहायचा असला की ते मान वळवून पाहायचे. आणि सिंधूताईंचा चेहरा पाहायचा असला, की मान उजवीकडे कलती करून किंचित पुढे काढायचे. तशी मान केली की त्या माझ्यात त्यांना दिसायच्या. दोघं हसायचे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाताना सिंधूताईंची पांढरी साडी माझ्यात मावत नसे. त्या उतरल्या की आनंदराव मला पुन्हा सरळ करायचे. असा मी दोघांच्या बोटांनी इकडून तिकडे फिरत आलो.

आता जे सांगायचं आहे, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आनंदराव निवृत्त झाल्यावरच्या हिवाळ्यातली गोष्ट. सिंधूताईंची बहीण तुळसाबाई काटोलला राहते. दोघं तिच्याकडे गेले होते. निघताना तुळसाबाईनं संत्र्यांची पिशवी दिली. ती आनंदरावांनी पायापाशी ठेवली. सिंधूताईंनी नेहमीप्रमाणे हात लांब करून मला स्वतःकडे वळवलं आणि स्कार्फ बांधला. दुपारचं ऊन होतं, रस्ता बराचसा चांगला होता.

कळमेश्वरचा फाटा मागे पडल्यावर सिंधूताई म्हणाल्या, "अजी, छातीत जळजळ होऊन राहिली."

"पित्त झालं असन. थांबू का?"

"नका थांबू. चाला घरी."

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी तोंडावरचा स्कार्फ खाली ओढला. त्यांचा चेहरा माझ्यात पूर्ण दिसत होता. त्या घामानं भिजल्या होत्या. त्यांचे ओठ हलले. आनंदरावांनी क्षणभर मान कलती केली आणि त्यांचे हलणारे ओठ पाहिले. पण वाऱ्यात शब्द ऐकू आले नाहीत, आणि नेमका समोरून एक ट्रक दुसऱ्या ट्रकला ओलांडत अंगावर आला. आनंदरावांनी मान सरळ केली, डोळे रस्त्यावर लावले आणि स्कूटर कडेनं सुखरूप काढली.

तेवढ्या वेळात सिंधूताईंनी आपलं कपाळ त्यांच्या पाठीवर टेकवलं होतं.

आनंदरावांना वाटलं, सिंधूताईंना झोप लागली. त्यांनी गाडी हळू केली. पाठीवरचं डोकं हलू नये म्हणून खड्डे चुकवत चालले. तरी बोलत होते. संत्री कोणाकोणाला द्यायची, लेकीकडे, नंदिनीकडे किती पाठवायची, असं काही. नागपूरजवळच्या पेट्रोल पंपावर थांबून ते म्हणाले, "उतर वं थोडी." मग पुन्हा म्हणाले, "सिंधू, उतर न."

पुढचं मी सांगत नाही.

त्या दिवसापासून आनंदरावांनी मला सरळ केलं नाही. सिंधूताईंनी वळवून ठेवलेला मी तसाच राहिलो. मला पुसतानाही ते एका हातानं माझी वाटी घट्ट धरायचे, चुकूनही हलू नये म्हणून. गॅरेजवाला अंकुश एकदा पाना घेऊन पुढे आला तर त्याच्यावर ओरडले, "हात नको लावू त्याले!"

आणि रस्त्यावर ते पुन्हा मान उजवीकडे कलती करू लागले. आधी अधूनमधून, मग सारखीच. मानकापूर चौकापर्यंत भाजी आणायला जाताना, बँकेत जाताना, परत येताना. माझ्यात त्यांना रिकामी सीट दिसायची, तिच्यामागे आभाळ दिसायचं. तरी पाहायचे. हेल्मेटच्या आतून हळूच बोलायचे, "काय म्हणत होती वं? सांग न. आता मी पाहून राहिलो."

मित्रांनो, मी काच आहे. समोर असेल तेच मला दाखवता येतं. पण खरं सांगतो, कधीकधी दुपारच्या उन्हात, त्या रिकाम्या जागेत काहीतरी जड आहे असं मलाही वाटायचं. स्कूटरचं मागचं चाक खड्ड्यात आदळलं की आवाज दोन माणसं बसल्यावर येतो तसा यायचा. आनंदराव तो आवाज ऐकून गाडी हळू करायचे. मी भास म्हणून सोडून द्यायचो. ते सोडायचे नाहीत.

हळूहळू त्यांची मान दुखू लागली. उजव्या बाजूला एक दोरखंड ताणल्यासारखा ताण, तो कानामागून डोक्यात चढायचा. डावीकडे मान वळेनाशी झाली. कुणी हाक मारली की ते खांद्यांसकट सगळे वळायचे. न्हाव्याकडे जाऊन मान कटकन मोडून घ्यायचे. तासभर बरं वाटायचं, संध्याकाळी दुप्पट दुखायचं. मलम झालं, शेक झाला. उशी बदलून पाहिली.

त्यांची मुलगी नंदिनी तोवर राहायला आली होती. तिचे यजमान चंद्रपूरला नोकरीला होते आणि तिची बदली नागपूरच्या बँकेत झाली होती. सोबत तिची मुलगी पिंकी. पिंकीला शाळेत सोडायचं काम आनंदरावांनी आपणहून मागून घेतलं.

पिंकी बुटकी. ती मागे बसली तरी माझ्यात दिसायची नाही. तिच्या डोक्यावरची रिकामी जागाच मला दिसायची.

एका सकाळी आनंदराव तसेच मान कलती करून, बोलत चालले होते. शाळेचं फाटक आलं आणि मागे गेलं. पिंकी म्हणाली, "आजोबा, शाळा गेली न." त्यांनी ऐकलं नाही. तिनं शर्ट ओढला. "आजोबा! शाळा मागं राहिली! तुम्ही कोणाशी बोलून राहिले?"

आनंदराव दचकले. त्यांनी घाईनं गाडी उजवीकडे वळवली. मान मागे वळत नव्हती. आणि मी? मी असून नसल्यासारखा होतो. मागून येणाऱ्या ऑटोला मी पाहिलंच नाही, मग दाखवणार काय? ऑटोवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून थोडक्यात निभावलं. स्कूटर आडवी झाली. माझ्या अंगावर हा तडा तेव्हाच पडला. पिंकीचं कोपर खरचटलं. ती रडली नाही. ती आजोबांकडे अशी पाहत होती, जणू त्यांना ओळखत नाही.

घरी आल्यावर नंदिनीनं कोपराला औषध लावता लावता विचारलं, "कसं झालं हे?"

पिंकी म्हणाली, "आजोबा आजीशी बोलत होते. पण मागं तर मी बसली होती."

नंदिनीचा हात थांबला. बऱ्याच वेळानं ती बाहेर शेडमध्ये आली. स्कूटरची किल्ली काढून तिनं मुठीत घेतली.

"बाबा, आता किल्ली माझ्याजवळ राहील. मान वळत नाही तुमची, अन् पोरीले घेऊन जाता?"

आनंदराव माझ्याकडे पाहत उभे राहिले.

नंतर बरेच दिवस मी शेडखाली नुसता उभा होतो. मला कुणी पुसलं नाही. कोराडीकडून येणारी राख माझ्यावर साचत गेली. घरात काय चाललंय ते मला ओट्यावरच्या बोलण्यातून कळायचं. नंदिनी त्यांना आधी मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मानेचे एक्स-रे फोटो काढले. मणक्यांची वयाप्रमाणे झीज आहे, नस दबलेली नाही, असं निघालं. गोळ्या दिल्या, मानेला पट्टा दिला. दुखणं कमी झालं, पण गेलं नाही. मग बँकेतल्या कुणीतरी धरमपेठेतल्या सोनिका नावाच्या एका ऑस्टिओपॅथचं नाव सांगितलं. ऑस्टिओपॅथ म्हणजे हाड, सांधे, स्नायू यांची तपासणी करून मुख्यतः हातांनीच उपचार करणारा जाणकार.

पहिल्यांदा जाऊन आल्यावर आनंदराव ओट्यावर बसून म्हणाले, "मान दुखते म्हणून गेलो, अन् ती बाई माह्या बरगड्या चाचपून राहिली! श्वास घ्या काका, म्हणते. सोडा काका, म्हणते."

"अन् मान?" नंदिनीनं विचारलं.

"आधी सगळे फोटो पाहिले तिनं. बोटात मुंग्या येतात का, चक्कर येते का, पायातली ताकद कमी झाली का, सगळं विचारलं. मग डोकं हातात धरून बसली. नुसतं धरून. मले वाटलं आता मोडते कटकन. तर म्हणे, मी मोडत नाही काका, अन् न्हाव्याकडूनही मोडून घेऊ नका, ह्या वयात ते धोक्याचं आहे." ते थोडे थांबले. "हलके हात आहेत तिचे. मले झोप लागली वं तिथं. कितीक दिवसानं."

मग ते रोज सकाळी शेडपाशी खुर्ची टाकून व्यायाम करू लागले. हनुवटी आत घ्यायची, खांदे सैल सोडायचे, मान दुखेल त्याच्या अलीकडे थांबवायची. मी पाहायचो. मान थोडी सुटायची आणि पुन्हा उजवीकडेच कलायची.

सोनिकाच्याही ते ध्यानात आलं. तिनं निरोप दिला, "काकांना पुढच्या वेळी स्कूटर घेऊन या. ते कसे बसतात ते मला पाहायचंय."

त्या दिवशी नंदिनीनं माझ्यावरची राख झटकली आणि मला सरळ करायला हात पुढे केला.

"राहू दे," आनंदराव म्हणाले.

"बाबा, मले मागचं दिसणार नाही."

"मी पाहतो मागं. तू चालव."

नंदिनी पुढे बसली. आनंदराव मागे बसले. इतक्या वर्षांत ते मागच्या सीटवर पहिल्यांदाच बसत होते. गाडी निघाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, मला सिंधूताईंनी त्यांच्या चेहऱ्यासाठी वळवलं होतं. त्या जागी आता आनंदराव होते. म्हणून माझ्यात त्यांना त्यांचाच चेहरा दिसला. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, मान एका अंगाला लवलेली. समोर नंदिनी गाडी चालवत होती, पण तिचा चेहरा माझ्यात नव्हता. त्यांनी जरा पुढे वाकून पाहिलं, बाजूला सरकून पाहिलं. नंदिनी सरळ रस्त्याकडे पाहत होती आणि माझ्यात फक्त तेच होते. समोर होती ती तिची पाठ.

आनंदराव त्या पाठीकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. मग त्यांनी हळूच आपलं कपाळ नंदिनीच्या पाठीवर टेकवलं.

"बाबा? काय झालं? थांबू का?"

"नको थांबू," ते म्हणाले. "चाल."

नंदिनी मात्र थांबली. तिनं गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते रडत होते.

धरमपेठेत, दवाखान्याच्या अंगणात, सोनिकानं त्यांना स्कूटरवर पुढे बसवलं. "काका, रोज बसता तसे बसा. समोर रस्ता आहे असं समजा." आनंदराव बसले. मान आपोआप उजवीकडे कलली, पुढे निघाली.

सोनिका त्यांच्यामागून फिरून माझ्यापाशी आली. माझ्यात पाहिलं. मग रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"काका, कोण बसायचं इथं?"

मग आनंदरावांनी सांगितलं. काटोल, जळजळ, ट्रक. "ती काहीतरी म्हणत होती. मी एवढंसं पाहिलं अन् समोर पाहू लागलो. मले वाटायचं, ती आरशात माह्याकडं पाहत राहिली असन, अन् मीच नव्हतो तिथं. आज मागं बसलो तं कळलं. मी सरळ बसल्यावर मागच्याले माहा चेहरा दिसतच नाही. पाठ दिसते फक्त." ते थांबले. "तिनं पाठीवर डोकं ठेवलं होतं."

नंदिनी तोंड फिरवून कुंपणाकडे पाहू लागली.

सोनिकानं त्यांच्या मानेवर हात ठेवला. "मानेचं मी करीन, काका. बाकीच्याचं औषध माझ्याजवळ नाही, आणि आहे असं मी म्हणणार पण नाही. तुम्ही ते बोलत राहा, नंदिनीताईंशी बोला. लागलं तर मनाच्या डॉक्टरांचं नाव देते. पण हा आरसा असाच राहिला तर मी मान सोडवीन आणि तुमची स्कूटर ती पुन्हा अवघडून ठेवील."

"हलवला की तिचा हात गेला," आनंदराव म्हणाले.

सोनिका त्यांना आत घेऊन गेली.

लगेच काही बदललं नाही. किल्ली नंदिनीकडेच राहिली. व्यायाम चालू राहिले, धरमपेठेच्या खेपा चालू राहिल्या. फरक एवढाच की संध्याकाळी बाप-लेक ओट्यावर बसून सिंधूताईंबद्दल बोलू लागले. कधी भांडले. "तुम्ही आम्हाले काहून नाही सांगितलं?" असं नंदिनी एकदा ओरडली आणि मग तीच चहा घेऊन आली. त्यांची मान पूर्वीसारखी झाली नाही, पण डोक्यात चढणारी कळ थांबली. डावीकडे पाहता येऊ लागलं.

एका सकाळी आनंदराव ओलं फडकं घेऊन आले. मला पुसलं. तड्यातली राख काडीनं काढली. मग त्यांची बोटं माझ्या कडेवर थांबली. मला वाटलं, आताही थांबतील. पण त्यांनी मला धरलं आणि अगदी सावकाश वळवलं. रिकामी सीट माझ्यातून सरकली, शेडचा खांब गेला, आणि मग फाटकाबाहेरचा रस्ता आला. रस्त्यावर एक एसटी होती, सायकलवर एक माणूस होता. मी ते सगळं विसरलो होतो.

आनंदराव तिथेच, स्कूटरचा आधार घेऊन, बराच वेळ बसून राहिले.

नंदिनीनं त्यांना आधी बरेच दिवस वसाहतीतच चालवायला लावलं. मग एक दिवस पिंकीचं दप्तर त्यांच्या हाती दिलं. पिंकी अजूनही जरा बिचकतच मागे बसली. मानकापूरच्या अलीकडे ती काहीतरी म्हणाली. वाऱ्यात ऐकू आलं नाही. आनंदरावांनी माझ्यात मागचा रस्ता पाहिला, हात दाखवला, गाडी कडेला घेतली, थांबवली. आणि मग डावीकडे हळूहळू मान वळवली. दुखेल त्याच्या अलीकडेपर्यंत. तेवढ्या वळण्यात पिंकीचा चेहरा दिसला.

"काय म्हणत होती, बेटा?"

"काही नाही. आज चित्रकला आहे, असं."

"बरं," ते म्हणाले. "अजून सांग."

मित्रांनो, सिंधूताईंचे ते हललेले ओठ माझ्यासमोर होते. त्या काय म्हणाल्या, हे मला सांगता येत नाही. त्या वाऱ्यात मलाही काही ऐकू आलं नाही. रात्रंदिवस तेच माझ्याजवळ आहे, आणि मी फुटेन तेव्हा माझ्याबरोबर जाईल. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कुणाच्या मानेत दुखणं घर करून बसलं असेल, तर ती मोडून घेऊ नका, लपवूही नका. जाणत्या हाताला दाखवा. आणि मागे बसलेलं माणूस काही बोललं, ऐकू आलं नाही, तर पुढे जाऊ नका. गाडी कडेला घ्या. मान वळवून त्याच्याकडे पाहा. माझ्यात पाहू नका.